काळजी घेणाऱ्याची जखम उशिरा का भरते?

1995 साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या 13 स्त्रिया निवडल्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या, त्याच वयाच्या 13. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. ताण लांबला की जखम भरायला लागणारे प्रतिकारशक्तीचे संदेश क्षीण होतात. अशा माणसाला ‘मन घट्ट करा’ सांगून काय उपयोग?

हीच सेवा समलैंगिक जोडीदार करतो तेव्हा त्यात आणखी एक ताण मिसळतो. संशोधक इलान मेयर यांनी 2003 मध्ये त्याची नीट मांडणी केली. उघड भेदभाव तर छळतोच. पण तो होईल या धास्तीने सतत सावध राहणं आणि स्वतःला लपवणं हेही शरीराला झिजवतं. अमेरिकेत 1973 पर्यंत समलैंगिकता मनोविकारांच्या यादीत होती. आज ऐंशीच्या घरात असलेल्यांचं तरुणपण त्या काळात गेलं. घरी मदतनीस बाई येणार म्हटलं की दोघांचा फोटो आधी कपाटात जातो. काहीजण मग मदतच नाकारतात, आणि सेवेचं सगळं ओझं एकट्यावर पडतं.

मला सर्वांत अवघड वाटतं ते पुढचं. कुणाला सांगितलंय, कुणापासून लपवलंय, हा हिशेबच डिमेन्शिया पुसून टाकतो. रुग्ण शेजाऱ्यांसमोर सहज बोलून जातो, किंवा मनाने तरुणपणीच्या भीतीत परत जाऊन चारचौघांत जोडीदाराचा हात झिडकारतो. दोघांचं गुपित मग एकट्याने सांभाळायचं.

भारतात 2018 मध्ये समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे वीस वर्षं सोबत राहिलेला माणूसही कागदावर परकाच. अशा जोडप्यांनी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा जरूर वाचावा. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. उपचारांच्या निर्णयात मदत करणारा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येतो. तो नातेवाईक असावा अशी अट नाही. तो सज्ञान हवा आणि त्याची लेखी संमती हवी. नेमणूक नसेल तर आधी नातेवाइकांचा हक्क, मग काळजीवाहकाचा. म्हणून निदान होताच, समज शाबूत असतानाच हा कागद करावा.