गच्चीची तीन कोटेशनं

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, त्याच पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पंख्यातून पाणी ठिबकायला लागलं. पंख्यातून म्हणजे अगदी हुकापासून, दांड्यावरून ओघळत. त्यांनी खाली बादली ठेवली होती आणि बादलीत एक जुना टॉवेल. रात्री टपटप ऐकू येऊ नये म्हणून.

इमारत १९८६ सालची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, चोवीस बिऱ्हाडं. दिवाळीनंतर तीन कंत्राटदार गच्ची बघून गेले. चौरस फुटाला एकाने ६५ रुपये सांगितले, दुसऱ्याने १४०, तिसऱ्याने २३५. गच्ची तीच, ८० बाय ४० फुटांची. म्हणजे दोन लाख आठ हजार, चार लाख अठ्ठेचाळीस हजार आणि सात लाख बावन्न हजार. तिसरा लुटायला बसलाय, असा निकाल सभेत चहा यायच्या आत लागला.

मलाही तसंच वाटत होतं. पण कोटेशनं घरी आणून नीट वाचली तेव्हा कळलं, की हे एकाच कामाचे तीन भाव नव्हतेच. कामंच तीन होती.

आपण सर्रास ‘स्लॅब गळते’ म्हणतो. स्लॅबचं मुख्य काम वजन पेलायचं. पाणी अडवून पाइपाकडे वळवायचं काम तिच्यावरच्या कोब्याचं. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवायचे, पावसाळी पाइपाच्या तोंडाकडे उतार द्यायचा, वर घोटाई करायची. साधारण शंभराला एक हा उतार धरतात, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. मुंबईच्या सपाट गच्चीचं छप्पर बदलायचं म्हणजे हा कोबा बदलायचा.

त्याच्या अंगावर किती पाणी येतं? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर साधारण २३०० मिमी पडतो. आमची गच्ची सुमारे २९७ चौरस मीटरची. गुणाकार केला तर पावणेसात लाख लिटरच्या वर जातो, दहा हजार लिटरचे अडुसष्ट टँकर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी झाला, तसा दिवस उजाडला तर एका दिवसात अठ्ठावीस टँकर.

यातलं बहुतेक पाणी पाइपातून निघून जातं. थोडं मागे राहतं आणि ते फार चिवट असतं. ०.१ मिमी रुंदीच्या भेगेत, म्हणजे जेमतेम केसाएवढ्या फटीत, पाणी केशाकर्षणाने पंधरा सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकतं. कठड्याच्या भिंतीला खालून वर ओल येते ती अशी. कोब्यातली वीट तर पाणी पिण्यातच पटाईत, चांगली वीटसुद्धा वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज शोषते. म्हणून पाऊस थांबून चार दिवस झाले तरी काकूंच्या खोलीत ठिबकणं चालूच असायचं. तडकलेला कोबा स्पंजासारखा भरतो आणि सावकाश रिता होतो.

आणि पाणी पंख्यातूनच का? भेग पंख्याच्या वर नव्हतीच. ती निघाली चौदा फुटांवर, टाकीच्या पायाशी. कोब्यात शिरलेलं पाणी स्लॅबच्या पाठीवर पसरतं आणि वाट शोधत राहतं. स्लॅब ओततानाच तिच्यात विजेच्या वायरींचे पाइप पुरलेले असतात. आयती नळी मिळाली की पाणी तिच्यातून थेट पंख्याच्या हुकापाशी येतं. त्यामुळे छतावरचा डाग बघून बरोबर त्याच्या वर गच्चीवर पॅच मारणाऱ्याला पैसे देणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून पोटाला बाम चोळणं. आम्ही ते दोनदा केलं होतं. (आणि पाणी ठिबकतं तो पंखा चालू करू नका, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे मात्र सांगावं लागलं.)

आता ६५ रुपयांचं कोटेशन. जुना कोबा धुवायचा, भेगा भरायच्या आणि वर रबरासारख्या लवचिक रंगाचे तीन हात द्यायचे. कोबा धडधाकट आणि कोरडा असेल, नुसत्या वरवरच्या बारीक भेगा असतील, तर हे काम चांगलं आहे, स्वस्तही आहे. आमचा कोबा आतून ओला होता. त्याच्यावर पाणीबंद कातडं चढवलं की आतली ओल आतच कोंडते. उन्हात गच्ची ६० अंशांपर्यंत तापते, आणि ३० अंशांना पाण्याच्या वाफेचा जो दाब असतो त्याच्या जवळजवळ पाचपट ६० अंशांना होतो. वाफ रंगाला खालून ढकलते, फुगे येतात, फुगा फुटला की तिथून पाणी. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर असे पुरीएवढे फुगे मी पायाने दाबून पाहिले आहेत. दोष रंगाचा नव्हता, रंग ओल्यावर मारला होता.

१४० रुपयांचा प्रस्ताव सगळ्यांना आवडला होता. जुना कोबा तसाच ठेवायचा, त्याच्यावर नवा घालायचा. तोडफोड नाही, धूळ नाही. इथे थोडं वजन करून बघावं लागतं. विटांचा कोबा घनमीटरला सुमारे १९०० किलो भरतो. सरासरी दहा सेंटिमीटर जाडी धरली तर चौरस मीटरला १९० किलो. माणसं वावरतात अशा गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी भारतीय मानकानुसार जो भार धरतात तो आहे चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास. म्हणजे सगळी गच्ची कोजागिरीच्या गर्दीने भरून जावी, आणि ती गर्दी पुन्हा कधी खालीच उतरू नये, त्याहून जास्त ओझं दुसऱ्या कोब्याचं. आमच्या हिशेबाने छप्पन्न टन. तेही सदतीस-अडतीस वर्षांच्या स्लॅबवर. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी इमारतींवर असे दोन-दोन, तीन-तीन थर चढलेत; कठडा गुडघ्याएवढाच उरलेला दिसला तर समजावं.

तिसऱ्याने जुना कोबा तोडायचे पैसे लावले होते. २३५ का, याचं उत्तर तिथे होतं. छप्पन्न टन डेब्रिज वीस किलोच्या घमेल्यांनी उतरवायचं तर अठ्ठावीसशे घमेली होतात. लिफ्ट नाही, जिना एक. नुसती तोडणी, उतरणी आणि गाडी यांतच भावाचा मोठा हिस्सा जातो. स्वस्त कोटेशनांत हे कलम नसतं किंवा ‘डेब्रिज सोसायटीने हलवावं’ असं बारीक अक्षरात असतं. ते रात्री खाडीकाठी, खारफुटीत टाकून येतो म्हणणारे भेटतात. तो गुन्हा आहे. महापालिकेची फोन करून डेब्रिज उचलून न्यायची सेवा आहे, तिचे पैसे आधीच हिशेबात धरलेले बरे.

कोबा उघडल्यावर स्लॅबची पाठ दिसते आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या घरात असतो, इतका अल्कधर्मी, की आतल्या सळईवर एक अतिसूक्ष्म थर बसतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं आत झिरपतो, चुन्याशी जुळून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि सामू नऊच्या खाली उतरतो. याचा वेग वेळेच्या वर्गमुळाने चालतो: पहिला सेंटिमीटर दहा वर्षांत गेला, तर दुसरा चाळीसाव्या वर्षी पुरा होतो. सळईवरचं काँक्रीटचं आवरण जुन्या स्लॅबमध्ये पुष्कळदा दीड-दोन सेंटिमीटरच. संरक्षण सुटलेली सळई आणि वरून पाणी, भरीला समुद्राच्या वाऱ्यावरचं मीठ. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. छताचे पोपडे पडतात आणि तांबडी सळई दिसते, ती यामुळे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने काकूंच्या स्वयंपाकघरात छताचा एक तुकडा फोडला आणि ताज्या फुटलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं तेच, अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं. वरचा भाग क्षणात गुलाबी झाला, खालची बोटभर पट्टी राखाडीच राहिली. सळई बरोबर सीमेवर होती, अर्धी गुलाबीत, अर्धी राखाडीत. काकूंनी विचारलं, “म्हणजे वाचलं?” इंजिनिअर म्हणाले, “आत्ता कोरडं ठेवलंत तर.” सळई पूर्ण राखाडीत असती आणि गंजून बारीक झाली असती, तर वरचा कोबा सोन्याचा घातला तरी भागलं नसतं. मग गंज घासून, नव्या सळया जोडून, पॉलिमर मॉर्टरने छत खालून भरावं लागतं. तेही जमत नसेल तर टेकू लावून स्लॅबच तोडून नवी टाकायची, तोवर वरच्या मजल्याने दुसरीकडे राहायचं. हा खर्च गच्चीच्या कोणत्याच कोटेशनात नसतो, आणि हीच परीक्षा लोक सर्वांत शेवटी करतात. माझ्या मते ती कोटेशनं मागवायच्या आधी करावी. तशीही इमारत तीस वर्षांवरची असेल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (म्हणजे नियमावलीप्रमाणे) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं, पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी.

मोजमापाचीही एक गंमत. गच्ची ३२०० चौरस फूट, पण पाणीबंद थर कठड्यावर फूट-दीड फूट चढवावाच लागतो. २४० फुटांचा घेर, दीड फूट उंची, झाले ३६० चौरस फूट जास्त. टाकीचा माथा आणि जिन्यावरची खोली वेगळीच. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलाई देतात, तिला गवंडी वाटा म्हणतात. काही जण वाट्याचे पैसे धावत्या फुटावर लावतात. सगळ्यात आधी तडकतो तोही वाटाच: २४ मीटर लांबीची स्लॅब वीस अंश तापली की सुमारे पाच मिलिमीटर वाढते, आणि ही ओढाताण बहुतेक त्या कोपऱ्यावर निघते. तेव्हा वाट्यात कंजूसपणा नको. कोटेशनच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असतो, तो १८ टक्के. आमचे सात बावन्न त्याने आठ लाख सत्याऐंशी हजारांवर नेले, घरटी सदतीस हजार.

इथे तळमजल्याचा ठरलेला प्रश्न आला. गळतंय वरच्यांचं, आम्ही का भरायचं? गच्ची सगळ्यांची असते आणि पावसाच्या पाण्याची गळती ही आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी आहे. संडास-बाथरूममधली गळती मात्र ज्याची त्याने बघायची. वाद तासभर चालला, शेवटी दुरुस्ती निधी उपयोगी पडला.

‘त्यापेक्षा पत्र्याची शेड टाकू’ हा पर्यायही आला. महापालिकेची परवानगी बाजूला ठेवली तरी वाऱ्याचा हिशेब आहेच. मुंबईसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, त्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास जातो, आणि पत्रा बहुधा दबण्याऐवजी वर खेचला जातो. खर्च पत्र्याचा नाही, त्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टांचा. ते बोल्ट कोबा भोकं पाडून स्लॅबमध्ये घुसवायचे, म्हणजे गळतीला नवी दारं. गिरगावातल्या कौलारू चाळींचं गणित निराळं. मंगलोरी कौल (बाझेल मिशनने मंगळूरला १८६५मध्ये कारखाना काढला, त्या घराण्यातलं) एकेक बदलता येतं, तिथे पैसे खातात ते वासे आणि रिपा. जुने सिमेंटचे पत्रे काढताना मात्र फोडू नका, भिजवून अख्खे उतरवा. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

काम जानेवारीत धरलं. एप्रिल-मेपर्यंत थांबलं की कंत्राटदारांकडे सगळ्या मुंबईची रांग असते, मजूर गावी गेलेले असतात आणि भाव चढतात. उघडी स्लॅब भेगा भरून आधी पाण्याने तपासली, मग कोबा, वर पांढऱ्या चायना चिप्स, म्हणजे चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. उन्हाचा बराच भाग त्या परत पाठवतात, वरच्या मजल्याला तेवढाच दिलासा. दहा टक्के रक्कम पावसाळा होईपर्यंत हातात ठेवायची, असं करारातच लिहून घेतलं. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा माझा भरवसा त्या दहा टक्क्यांवर जास्त आहे.

शेवटी पाणी भरून ठेवायची चाचणी. पाइपांची तोंडं गोणपाटाने बुजवली, वाट्याच्या खालपर्यंत पाणी भरलं, टाकीच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. तीन दिवसांनी पाणी १३ मिलिमीटर उतरलेलं. सभासदांचा चेहरा पडला. पण पाणी उन्हानेही आटतंच, म्हणून पहिल्याच दिवशी मी एक रुंद प्लास्टिकचा टब त्याच पाण्यात ठेवून, तसाच भरून, आत रेघ मारून ठेवली होती. टबातलं पाणी १२ मिलिमीटर उतरलं होतं. एका मिलिमीटरचा फरक पेन्सिलच्या रेघेएवढाच.

खाली काकूंनी टॉर्च मारून हुकापासून भिंतीपर्यंत सगळं छत बघितलं. कोरडं होतं. पंख्याखालची बादली मात्र त्यांनी हलवली नाही. टॉवेल तेवढा धुवायला टाकला.