दांडे फुल्ल म्हणजे नेट फास्ट? नाय ओ!

इकडं जुळे सोलापूरमध्ये कुणाचंही नेट अडकलं की पहिला डायलॉग ठरलेला, "दांडे तर फुल्ल आहेत, मग कंपनीच चोर!" ओ, ते वायफायचे दांडे फक्त मोबाईल आणि घरातला राऊटर यांचं किती जमतंय तेवढंच सांगतात, राऊटरच्या पुढची वायर तुटून पडली तरी दांडे फुल्लच दिसणार.

परवा काकूंकडं हेच झालं, सीरियल गोल गोल फिरत बसलेली, मोबाईल तीनदा बंद-चालू करून झाला, आणि इकडं फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे केबलमधनं सिग्नलच येत नाही, मग राऊटर दहा वेळा रिस्टार्ट करून काय होणार, लाईनमनलाच बोलवावं लागतं.

लाल दिवा नसेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड बघा. केबलवर फास्ट अन् वायफायवर स्लो, तर घोळ घरातच. बऱ्याचदा फोन वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असतो, शेजारपाजारचे सगळे तिथंच, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे वेगळे रस्ते, १, ६, ११ एवढेच. ५ गिगाहर्ट्झ फास्ट, पण पेठेतल्या जुन्या जाड भिंतीपुढं त्याचा दम निघतो. आणि राऊटर टीव्हीमागं कोंबून वर चादर टाकू नका राव, उन्हाळ्यात आधीच पारा ४० च्या वर!