लॅक्टेट क्लिअरन्स (गंभीर आजारी मुलांमधला)

रक्तातलं लॅक्टेट (पेशी ग्लुकोज जाळताना तयार होणारा पदार्थ) ठराविक तासांत किती टक्क्यांनी उतरलं त्याला लॅक्टेट क्लिअरन्स म्हणतात. मुलांच्या आयसीयूमध्ये, म्हणजे पीआयसीयूत, शॉक (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडणं), सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडू लागणं) किंवा हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या मुलांमध्ये हा आकडा बघतात, कारण उपचार लागू पडतायत का आणि मूल वाचण्याची शक्यता किती याचा अंदाज त्यातून येतो.

लॅक्टेट सगळ्यांच्याच शरीरात सतत तयार होत असतं आणि मुख्यतः लिव्हर, थोडंफार किडनी ते साफ करत असते, त्यामुळे ते साधारण 2 मिलिमोल प्रति लिटरच्या खाली राहतं (काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, तिथे 1 मिलिमोल म्हणजे साधारण 9 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). शॉकमध्ये पेशींपर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, मग पेशी ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळतात आणि लॅक्टेट साचत जातं. मुलांमध्ये याचं महत्त्व जास्तच आहे कारण मुलांचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून शरीर ते सांभाळतं, आणि बीपी पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. लॅक्टेट त्याच्या आधीच वाढलेलं दिसू शकतं.

हिशोब सोपा आहे. पहिल्या आकड्यातून नंतरचा वजा करायचा, पहिल्याने भागायचं, 100 ने गुणायचं. सुरुवातीला 6 आणि सहा तासांनी 3 असेल तर क्लिअरन्स 50 टक्के, आणि 6 चं 7 झालं तर उत्तर मायनसमध्ये येतं, ती काळजीची गोष्ट. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. 12 वरून 8 वर आलं तर 33 टक्के, ऐकायला छान वाटतं पण 8 म्हणजे अजून खूपच जास्त आहे, आणि 2.2 चं 2.1 झालं तर टक्के नगण्य असले तरी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून मूळ आकडे आणि टक्के शेजारी शेजारी ठेवूनच वाचायचे.

कल्पना जुनी आहे. 1964 साली ब्रोडर आणि वाईल यांनी शॉकमधल्या पेशंटमध्ये जादा लॅक्टेट आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला. 2004 मध्ये न्गुयेन आणि सहकाऱ्यांनी गंभीर सेप्सिसच्या मोठ्या माणसांमध्ये पहिल्या सहा तासांतला क्लिअरन्स मोजला, तो जितका चांगला तितके मृत्यू कमी दिसले. मोठ्यांचे आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुलांसाठीच्या 2020 च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस गाइडलाइनमध्ये एकाच लॅक्टेटवरून मूल जास्त की कमी धोक्यात हे ठरवायची शिफारस करता आली नाही, पण तपासणीच्या जोडीला लॅक्टेटचा ट्रेंड बघत उपचार करा असं सुचवलंय, तेही कमकुवत शिफारस म्हणून. मुलांमधलं सेप्सिस ठरवायच्या 2024 च्या फिनिक्स निकषांत मात्र लॅक्टेटला गुण आहेत, 5 ते 10.9 ला एक आणि 11 किंवा जास्तला दोन.

फसगत कुठे होते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आकडा वाढला म्हणजे ऑक्सिजनच कमी पडला असं नसतं. अ‍ॅड्रेनालिनचं इन्फ्युजन (शिरेतून सतत थेंबथेंब औषध देणं) चालू असेल तर मूल सुधारत असूनही लॅक्टेट चढतं. फिट येऊन गेल्यावर ते वाढतं पण फिट थांबली की बहुतेक वेळा लवकर उतरतं, म्हणजे तिथे क्लिअरन्स उत्तम दिसणार आणि त्याचं श्रेय सलाईनला द्यायचं कारण नाही. लिव्हर बिघडलं असेल, थायमिन (व्हिटॅमिन बी1) कमी असेल किंवा जन्मजात मेटाबॉलिक आजार असेल तर ते उतरतच नाही. सॅम्पलचाही घोळ असतो, बाळ रडून हातपाय झाडतंय, टुर्निके (रक्त घेताना आवळायचा पट्टा) बराच वेळ बांधलेलं, किंवा रक्त ट्यूबमध्ये तसंच पडून राहिलं, की आकडा खोटा वाढतो, त्यामुळे शक्यतो आर्टेरियल लाइनमधून (धमनीत ठेवलेल्या नळीतून) घेऊन लगेच ब्लड गॅस मशीनवर लावतात आणि दर वेळी सॅम्पल एकाच प्रकारचं घेतात.

हा अंदाज गटाबद्दलचा असतो, एका मुलाबद्दलचा निकाल नसतो. क्लिअरन्स वाईट असलेली मुलं वाचतात आणि चांगला असलेली दगावतातही, म्हणून आईवडिलांशी बोलताना फक्त या आकड्यावरून आशा सोडायला सांगणं चुकीचंच. लॅक्टेट उतरत नसेल तर डॉक्टर परत मुलाकडे बघतात, कॅपिलरी रिफिल (त्वचा दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो), लघवी किती होतेय, शुद्ध कशी आहे, हृदयाचा इको, आणि इन्फेक्शनचा सोर्स सुटलाय का, म्हणजे न काढलेला पू किंवा आतड्याचा न दिसलेला प्रॉब्लेम.