कंबोडियन समाजावरील युद्धाचे दीर्घकालीन परिणाम

कंबोडियात (कांपुचिया) १९७० नंतर भडकलेले यादवी युद्ध, अमेरिकेची बॉम्बफेक, ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेची राजवट (१७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९) आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत थायलंडच्या सीमाभागात रेंगाळलेला संघर्ष यांचे देशातील व देशाबाहेरील कंबोडियन लोकांवर झालेले परिणाम.

ख्मेर रूज काळातील मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही. देशात १९६२ नंतर थेट १९९८ मध्ये जनगणना झाली. पहिल्या गणनेत लोकसंख्या सुमारे ५७ लाख, तर दुसरीत सुमारे १ कोटी १४ लाख भरली. मधल्या ३६ वर्षांचा हिशेब अनुमानानेच मांडावा लागत असल्याने १९७५ ची लोकसंख्या किती धरायची, यावरच बरेचसे गणित अवलंबून राहते. ख्मेर रूजनंतर व्हिएतनामच्या पाठिंब्याने आलेल्या सरकारने ३३ लाख मृत्यू झाल्याचे जाहीर केले होते; त्यामागे राजकीय हेतू असल्याचा आक्षेप घेतला जातो. इतिहासकार मायकेल व्हिकरी यांनी मूळ लोकसंख्या कमी धरून अतिरिक्त (नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्तीचे) मृत्यू साडेसात लाखांच्या आसपास मानले, तर इतिहासकार बेन किर्नन यांच्या मते सुमारे ७९ लाखांपैकी १६ लाख ७० हजार, म्हणजे २१ टक्के लोक दगावले. सामूहिक दफनाचे सुमारे २०,००० खड्डे नंतर नोंदले गेले असून, हा पुरावा पाहता पंधरा ते वीस लाखांचे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. हत्येइतकाच उपासमार, रोग आणि अतिश्रम यांचाही या मृत्यूंत मोठा वाटा होता.

बॉम्बफेकीच्या आकड्याचा प्रवासही असाच वळणावळणाचा आहे. संशोधक टेलर ओवेन व किर्नन यांनी २००६ मध्ये २७ लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेल्याचे म्हटले. मूळ विदासंचातील त्रुटीमुळे हा आकडा फुगल्याचे लक्षात आल्यावर त्यांनीच तो सुमारे पाच लाख टनांवर आणला. जुना आकडा मात्र अजूनही उद्धृत केला जातो.

भूसुरुंगांचा पट्टा मुख्यतः थायलंडच्या सीमेलगत, बट्टमबांग, पैलिन व बांतेय मीन्चेय या प्रांतांत आहे. १९७९ पासून सुरुंग व न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे सुमारे २०,००० जणांचा बळी गेला आणि ४५,००० जण जखमी झाले. १९९६ मध्ये एकाच वर्षात चार हजारांहून अधिक लोक याला बळी पडले किंवा जायबंदी झाले; अलीकडे ही संख्या वर्षाला शंभराच्या आत आली आहे. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे बैलांच्या नांगराने कसलेल्या शेतातही ट्रॅक्टर गेल्यावर स्फोट होण्याचा धोका राहतो.

नॉम पेन्ह येथील तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख दुच, तसेच ख्मेर रूजचे वरिष्ठ नेते नुओन चिया व खियू सांफान एवढ्या तिघांनाच ख्मेर रूज काळातील गुन्ह्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. त्याचे न्यायालयीन कामकाज २०२२ मध्ये संपले. तोवर नुओन चिया व दुच मरण पावले होते.

देशांतर केलेल्यांपैकी बरेच जण खाओ-इ-दांग (स्थापना १९७९) यांसारख्या थाई छावण्यांतून पुढे गेले. सुमारे दीड लाख निर्वासित अमेरिकेत आले; कॅलिफोर्नियातील लाँग बीच आणि मॅसॅच्युसेट्समधील लोवेल ही त्यांची प्रमुख ठिकाणे. फ्रान्स, कॅनडा व ऑस्ट्रेलियातही वसाहती झाल्या. कॅलिफोर्नियात डोनटच्या दुकानांचा धंदा मोठ्या प्रमाणावर कंबोडियन कुटुंबांच्या हाती आला, कारण त्यासाठी भांडवल व इंग्रजी बेताचेच पुरे आणि पहाटेपासून घरची सगळी माणसे कामाला लागत. लाँग बीचमधील निर्वासितांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, येऊन दोन दशके उलटल्यावरही ६२ टक्के जणांत आघातोत्तर तणाव विकार, तर ५१ टक्क्यांत नैराश्य आढळले. गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या, परंतु नागरिकत्व न घेतलेल्या तरुणांची २००२ पासून कंबोडियात रवानगी होऊ लागली. त्यांपैकी अनेकांचा जन्मच छावण्यांत झालेला असल्याने ख्मेर भाषा व तेथील व्यवहार त्यांना प्रौढ वयात शिकावे लागले.