गिनेल, नौट, लेकिंग : उत्तर इंग्लंडच्या बोलीशब्दांची पार्श्वभूमी

लीड्स, बर्नली किंवा संडरलंडमध्ये लहानाची मोठी झालेली आणि आज सत्तरी ओलांडलेली माणसे एकत्र जमली की शब्दांची उजळणी सुरू होते. कुरकुरणाऱ्या पोराला 'मार्डी' म्हणत, जराशा गारठ्याने कुडकुडणाऱ्याला 'नेश' म्हणत. यॉर्कशरच्या पश्चिम भागात गोळ्या-चॉकलेटांना 'स्पाइस' हा शब्द होता. खाणीत न्यायचा डबा बार्न्सलीकडे 'स्नॅप', तर डरहॅमकडे 'बेट'. दार उघडे टाकून आत आलेल्या मुलाला 'भोकात लाकूड घाल' असा हुकूम मिळे, म्हणजे दार लाव. या आठवणी खऱ्या असतात. परंतु त्यांपैकी कोणत्या शब्दांवर 'अस्सल बोली' असा शिक्का बसला आणि कोणते नुसते गावंढळ ठरले, हे मात्र पुष्कळदा कोणी, कोणाला आणि कशासाठी विचारले यावर ठरले आहे.

नवव्या शतकातील नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या, वसाहतींची कथा सर्वांना ठाऊक आहे. ओढ्याला 'बेक', बिऱ्हाड हलवण्याला 'फ्लिट' आणि खेळण्याला 'लेक' हे शब्द तिकडून आले, याबद्दल वाद नाही. तथापि उत्तरेकडच्या प्रत्येक खडबडीत शब्दाचे श्रेय व्हायकिंगांना देण्याची जी हौस आहे, तिला थोडा आवर घालायला हवा. 'काही नाही' या अर्थाचा 'नौट' आणि 'काहीही' या अर्थाचा 'औट' हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतलेच आहेत.

पद्धतशीर संकलन सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यासाठी १८७३ मध्ये स्थापन झालेली संस्था, काम मार्गी लागले असे मानून, १८९६ मध्ये विसर्जित करण्यात आली आणि १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांचा बोलीकोश बाहेर पडला. त्याचा संपादक ब्रॅडफर्डजवळचा. लहानपणी दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकलेला, पुढे गिरणीत राबलेला आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेला हा माणूस शेवटी ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याच्यासाठी बोली ही संग्रहालयातली वस्तू नव्हती; ती त्याच्या घरची भाषा होती.

खरा वाद मात्र त्यानंतरच्या पाहणीचा आहे. लीड्सच्या विद्यापीठातून १९५० ते १९६१ या काळात इंग्लंडभर ३१३ ठिकाणी बोलींची पाहणी झाली. प्रश्नावलीत तेराशेहून अधिक प्रश्न होते आणि ते विचारण्याची रीत मोठी काटेकोर होती : विचारणाऱ्याने तो शब्द स्वतः उच्चारायचा नाही, वस्तूकडे बोट दाखवायचे किंवा वर्णन करायचे आणि समोरच्याच्या तोंडून शब्द येऊ द्यायचा. 'गाई बांधता त्या जागेला काय म्हणता?' या एका प्रश्नाला लँकेशरमध्ये 'शिपन', यॉर्कशरच्या पश्चिम भागात 'मिस्टल' आणि ईशान्येकडे 'बायर' अशी उत्तरे आली. इंग्लंडच्या नकाशावर गोठ्याची सीमारेषा आखता येते, हे या पाहणीमुळे दिसले.

पण विचारायचे कोणाला? ठरले ते असे : वस्ती शक्यतो पाचशेच्या आसपासची आणि शेतीवर जगणारी असावी, उत्तर देणारा त्याच गावात जन्मलेला, गाव न सोडलेला, साधारण साठीच्या पुढचा असावा, त्याचे दात, तोंड आणि कान शाबूत असावेत, आणि शक्यतो तो पुरुष असावा, कारण बायकांपेक्षा पुरुष बोली अधिक सातत्याने आणि अस्सल बोलतात, अशी संयोजकांची धारणा होती. काही ठिकाणी बायकांनाही विचारले गेले, परंतु साचा म्हाताऱ्या शेतकऱ्याचाच राहिला. मोटारी, रेडिओ आणि दोन महायुद्धांनी ढवळून काढलेल्या देशात सर्वांत जुनी बोली नाहीशी होण्यापूर्वी टिपून ठेवायची होती, त्यामुळे घाई समजण्यासारखी आहे. त्या उद्देशापुरता हा निर्णय योग्यच होता, असे त्याचे समर्थक आजही सांगतात.

तरीही हा निर्णय उत्तरेला जितका महागात पडला तितका दक्षिणेला पडला नाही. उत्तरेकडची बहुसंख्य माणसे तोपर्यंत केव्हाच गिरण्यांच्या, खाणींच्या आणि गोद्यांच्या गावी राहायला गेली होती. लँकेशरच्या कापड गिरण्यांत मागांच्या खडखडाटामुळे शेजारणीचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून विणकाम करणाऱ्या बायका ओठांच्या ठळक हालचाली आणि हातवारे करून बोलत. या रीतीला 'मीमॉ' असे नाव होते, आणि सवय इतकी मुरलेली असे की गिरणीबाहेर दारात उभे राहून कानगोष्टी करतानाही आवाज न काढता ओठच हलत. ज्या भाषेला आवाजच नाही आणि जी बोलणारी बाई आहे, तिला त्या प्रश्नावलीत जागा कोठून मिळणार? किंवा 'लेक' हाच शब्द घ्या. मुले गल्लीत 'लेकिंग' करीत, म्हणजे खेळत. आणि काम नाही म्हणून गिरणी कामगार घरी बसला तरी तोही 'लेकिंग'च असे. मुलाचा आनंद आणि बापाची चिंता एका शब्दात मावत होती, आणि त्यातला दुसरा अर्थ समजायला भोंग्यावर चालणारे गावच लागते.

त्याच दशकात एका दांपत्याने नेमके उलट टोक धरले. त्यांनी सुमारे ७० शाळांतील ५,००० मुलांकडून खेळ, चिडवाचिडवी आणि शपथा गोळा केल्या. ते संकलन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. पकडापकडीत दम लागला की आपल्याकडे 'टाइम प्लीज' म्हणतात, त्या जागी बोटांवर बोट चढवून डरहॅम-न्यूकॅसलकडची मुले 'स्किंच', लँकेशरकडची 'बार्ली' आणि यॉर्कशरमधील बरीच मुले 'किंग्ज' म्हणत. म्हणजे साठीच्या पुढचे शेतकरी आणि शाळकरी मुले यांची नोंद झाली. मधली सगळी पिढी, विशेषतः या मुलांच्या आया, वगळली गेली. लहानपणचे शब्द मुलांच्या कानावर बहुतेक आईकडूनच पडतात, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

कोणता शब्द चालेल हे ठरवण्यात शाळेचा हात त्याहून जुना. इंग्रजीच्या अध्यापनावरील १९२१ च्या सरकारी अहवालाने बोली बोलणाऱ्या मुलांना प्रमाण इंग्रजी शिकवणे हे प्राथमिक शाळेचे कामच आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले होते. १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाल्यावर कामगारांची हुशार मुले ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांच्या माध्यमिक शाळेत, गेली आणि त्यांच्या तोंडी घरची एक आणि शाळेची एक अशा दोन भाषा आल्या. त्यात सर्वाधिक हाल झाले ते 'दा' आणि 'दी' या एकवचनी सर्वनामांचे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण हे सरळ अरे-तुरे आहे. थोरामोठ्यांना ते चालत नसे, आणि लगट करणाऱ्याला 'मला दा-दी करू नकोस, स्वतःलाच करून बघ कसे वाटते' असे सुनावले जाई. शेफिल्डकरांचा उच्चार शेजारच्या गावांना 'डी' आणि 'डा' असा ऐकू येतो, म्हणून त्यांना आजही 'डी-डा' म्हणून चिडवतात. हा जुना कल अजून ओसरलेला नाही. २०१३ मध्ये मिडल्सबरोच्या एका प्राथमिक शाळेने पालकांना पत्र पाठवून घरी सुधारायच्या शब्दप्रयोगांची यादी दिली, आणि त्यात 'यूज' या अनेकवचनी 'तुम्ही'बरोबर बिचारा 'नौट'ही होता. हजार वर्षांचा शब्द चूक म्हणून यादीत आला, यावर वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली.

नव्या शतकातील पाहण्यांनी शहरे, बायका आणि तरुण या सर्वांना सामावून घेतले. २००४-०५ मध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेने घेतलेल्या पाहणीत इमारतींमधल्या अरुंद वाटेचा शब्द विचारला गेला. घरांच्या रांगेतून जाणारा तो 'गिनेल' आणि कुंपणांमधून जाणारा तो 'स्निकेट', असे काही जण ठासून सांगतात. शेजारच्या गावात नेमके उलट सांगणारे भेटतात, शेफिल्डकडे तोच शब्द 'जेनेल' होतो, आणि हल शहरात घरांमागच्या वाटेला 'टेनफूट' म्हणतात. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मोबाइल ॲपद्वारे गोळा केलेल्या उत्तरांत बोटात घुसलेल्या कुसळाचे जुने प्रादेशिक शब्द जवळजवळ सर्वत्र पुसले गेलेले दिसले. ईशान्येकडे मात्र 'स्पेल्क' टिकून होता. यॉर्कमध्ये पर्यटकांना दाखवला जाणारा 'स्निकलवे' हा शब्द मात्र या कोणत्याही जुन्या नोंदीत शोधू नये. गल्ल्यांवरील एका मार्गदर्शिकेसाठी १९८३ मध्ये 'स्निकेट', 'गिनेल' आणि 'ॲलीवे' यांचे तुकडे जोडून तो तयार करण्यात आला.