सेंद्रिय कर्ब वाढवायचा तर नत्राचाही हिशेब मांडा

जमिनीत सेंद्रिय पदार्थ कमी झाले की ते पहिल्या जोरदार पावसातच कळतं. थेंबांच्या माऱ्याने ढेकळं विरघळतात, सुटे झालेले बारीक कण फटींमध्ये जाऊन बसतात आणि ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. कोंब त्याखाली अडकतात, पुढचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. मातीचे कण एकत्र बांधून ठेवणारा चिकट पदार्थ जिवाणू आणि बुरशी तयार करतात. पण अशा जमिनीत त्यांची उपासमारच चाललेली असते.

मग भरपूर काडीकचरा गाडा, असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २,००० टन भरतो. म्हणजे सेंद्रिय पदार्थांचं प्रमाण १ टक्क्यावरून २ टक्के करायचं तर २० टन भर हवी, आणि तीही टिकणारी. गाडलेल्या काडातला बहुतेक कर्ब (कार्बन) मात्र वर्षभरात कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. साधारण एक तृतीयांश उरतो आणि तोही पुढे घटत राहतो. एवढं काड कुठलंच शेत एका हंगामात देत नाही.

खरी अडचण याच्याही पुढे आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. जमिनीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात दर १० ते १२ भाग कर्बामागे १ भाग नत्र (नायट्रोजन) असतो. त्या २० टनांत सुमारे साडेअकरा टन कर्ब, म्हणजे जवळपास १ टन नत्र! गव्हाच्या काडात हेच प्रमाण ८०ला १ च्या आसपास असतं. काड कुजवताना जिवाणूंना नत्र कमी पडतो, तो ते मातीतून ओढून घेतात आणि उभं पीक पिवळं पडतं. त्यामुळे रासायनिक खताची गोणी की शेणखत, हा वाद मला निरर्थक वाटतो. कर्ब टिकवायलाही नत्र लागतो. काडाबरोबर कुजलेलं शेणखत, फेरपालटात द्विदल पीक किंवा थोडं नत्रखत, काही ना काही द्यावंच लागतं.

दिलेलं टिकतं का? इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात बार्लीच्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ दरवर्षी शेणखत दिलं, मग थांबवलं. शंभर वर्षांनंतरही तिथला कर्ब कधीच खत न दिलेल्या शेजारच्या तुकड्यापेक्षा जास्त होता. मात्र तिथलं हवामान थंड आहे. ओल असेल तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून उष्ण प्रदेशात थोडं थोडं, पण दर हंगामाला घालत राहावं लागतं. रेताड जमिनीत कर्ब धरून ठेवणारे चिकणमातीचे कण कमी, तिथे हे आणखी खरं.

मुळांमधून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून जमीन रिकामी न ठेवणं आणि नांगरट कमी करणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नांगराने ढेकळं फुटली की आत दडलेला कर्ब जिवाणूंच्या हाती लागतो. कर्ब वाढेपर्यंत पीक तर घ्यायचंच आहे. सेंद्रिय पदार्थ कमी असलेली जमीन, विशेषतः हलकी असेल तर, अन्नद्रव्यं फार धरून ठेवत नाही, म्हणून नत्राची मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावी. आणि माती परीक्षण दरवेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून करावं. एका वर्षातला फरक नमुन्यांमधल्या चढउतारात हरवतो; चार-पाच वर्षांनी मात्र आकड्यांचा कल दिसू लागतो.