प्रभार झाकला, तर केंद्रकं जवळ येतील?

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात कोळशातला कार्बनचा एक अणू जळला की सुमारे चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा मिळते. ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, दोन केंद्रकं एक झाली, त्यांचं संमीलन झालं, तर तीस ते चाळीस लाख! आणि ड्युटेरियम काही दुर्मीळ नाही. तापीच्या पाण्यातही हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतोच.

अडतं ते प्रभारापाशी. दोन्ही केंद्रकं धनप्रभारित, म्हणून एकमेकांना लोटतात. सूर्याच्या गाभ्यातलं दीड कोटी अंश तापमानही हा अडथळा ओलांडायला अपुरं पडतं. पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) कृपेने मोजकी केंद्रकं त्यातून आरपार निसटतात, त्यावर सूर्य चालतो.

आता यात इलेक्ट्रॉन आणा. सारंगखेड्याच्या यात्रेत लांबून मारलेली हाक गर्दीत विरते, तसा केंद्रकाचा प्रभार भोवतीच्या इलेक्ट्रॉनांमुळे दूरवर जाणवत नाही. केंद्रकं थोडी जास्त जवळ येऊ शकतात. ड्युटेरियम वायूत हा फायदा 25 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतो. पण धातूत ड्युटेरियम मुरवून त्यावर ड्युटेरियमचाच मंद झोत सोडला, तेव्हा काही धातूंत तो 300 किंवा त्याहून जास्त भरला. नेहमीच्या गणितात हा आकडा बसत नाही. मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

300 चा हा फायदा दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टकरीत संमीलन जेमतेम 15 टक्क्यांनी वाढवतो, दोन हजारांच्या टकरीत मात्र जवळपास पाचपट. ऊर्जा जितकी कमी, तितका परिणाम मोठा. फक्त मूळ आकडा विसरायचा नाही: ड्युटेरियमच्या साध्या रेणूत आपोआप संमीलन होण्याची शक्यता सेकंदाला इतकी क्षुल्लक, की दशांश चिन्हानंतर 63 शून्यं लिहावीत आणि मग 1.

इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्यासारखाच, पण 207 पट जड असलेला म्यूऑन नावाचा कण बसवला, तर थंड हायड्रोजनमध्येही संमीलन होतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्व्हारेझ यांच्या गटाने ते 1956 मध्ये पाहिलं. पण म्यूऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंदच जगतो, आणि तो तयार करण्याचा खर्च त्यातून भरून निघत नाही.

1989 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पॅलेडियम या धातूमध्ये संमीलनाची उष्णता मिळाल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तेव्हा प्रयोग झाले. उष्णतेचा तो दावा इतरांना खात्रीने पुन्हा दाखवता आला नाही. त्याचा डाग प्रभार झाकला जाण्याच्या मोजमापांना लावणं मात्र अन्यायाचं आहे. ती झोत सोडून, बाहेर पडलेले कण मोजून केलेली आहेत.

2025 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने पॅलेडियमवर एका बाजूने ड्युटेरियमचा झोत सोडला आणि दुसऱ्या बाजूने विजेच्या साह्याने त्यात आणखी ड्युटेरियम भरलं. संमीलनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजले, तर संमीलन सरासरी 15 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. यंत्राला लागले 15 वॅट, संमीलनातून मिळाला एका वॅटचा अब्जावा भाग. तरीही एका व्होल्टच्या आसपासच्या रासायनिक प्रक्रियेने केंद्रकांच्या मिलनाचा वेग हलला, हे मोजून दिसलं.